टाकोतला धागा आणि गळ्यातली माळ

सातारा जिल्ह्यातून नोकरीसाठी मुंबईत आलेल्या २७ वर्षांच्या एका वाचकाने दोन पानी पत्र पाठवले आहे. घराणे वारकरी. बारावीनंतर पंढरपुरात आजोबांच्या साक्षीने त्यांनी तुळशीची माळ घातली आणि तेव्हापासून मांस, मासे, अंडी यांपैकी काहीही तोंडात घातलेले नाही. महिन्यापूर्वी त्यांच्या अंधेरीतल्या कार्यालयातील आठ जण टाकोच्या, म्हणजे सारण भरून दुमडलेल्या मक्याच्या पातळ भाकरीच्या, एका लहानशा उपाहारगृहात जेवायला गेले. काउंटरवर ऑर्डर द्यायची आणि नंबर पुकारला की आपला ट्रे आपण उचलायचा, अशी ती जागा. वाचकाने राजम्याचे दोन ‘व्हेज टाको’ घेतले. दुसरा निम्मा खाऊन झाल्यावर लेट्यूसच्या पानाला चिकटलेला कोंबडीच्या मांसाचा बोटभर धागा त्यांना दिसला. ते काही बोलले नाहीत. उरलेला टाको कागदात गुंडाळून ठेवला, ‘पोट भरले’ म्हणाले, बिलाच्या समान वाट्याचे ९४० रुपये दिले आणि रात्री उपाशी झोपले. आता येत्या शुक्रवारी एका सहकाऱ्याच्या निरोपाचे जेवण त्याच ठिकाणी ठरले आहे. जावे की टाळावे, माळ बाटली का, आजोबांना सांगावे का आणि त्या उपाहारगृहाची तक्रार करावी का, असे त्यांचे चार प्रश्न आहेत. पत्राच्या शेवटी एक वाक्य आहे: “मुळात असल्या लोकांबरोबर असल्या ठिकाणी बसलो, हीच माझी चूक.”

नमस्कार.

आधी त्या धाग्याचा माग काढू. माळेचे आणि आजोबांचे मग पाहू. तो धागा तुमच्या ताटात आला कसा हे कळल्यावाचून शुक्रवारी काय करायचे ते ठरणार नाही. तुमचे पत्र वाचल्यावर मी एका बुधवारी दुपारी चारच्या सुमारास, म्हणजे गर्दी नसताना, अशाच एका टाकोच्या काउंटरपुढे (तुम्ही गेलात त्या नव्हे) मुद्दाम अर्धा तास उभी राहिले. काचेमागे स्टीलची खोलगट भांडी ओळीने मांडलेली होती. डावीकडे राजमा, मक्याचे दाणे, पनीर, मश्रूम. त्यापुढे कोंबडी आणि मटण. आणि अगदी उजवीकडे चिरलेले लेट्यूस, कांदा-टोमॅटो-कोथिंबिरीची कोशिंबीर आणि किसलेले चीज. राजम्याला स्वतंत्र डाव होता, कोंबडीला स्वतंत्र चिमटा होता. इथवर सगळे चोख होते. लेट्यूस आणि चीज मात्र तो मुलगा हातानेच घालत होता. त्याने चिमट्याने कोंबडी टॉर्टियावर, म्हणजे टाकोच्या त्या पातळ भाकरीवर, ठेवली, ती बाहेर डोकावू लागली तशी हातमोजा घातलेल्या दोन बोटांनी आत दाबली, आणि तीच बोटे लेट्यूसच्या भांड्यात गेली. पुढची ऑर्डर राजम्याची होती. त्याने राजमा राजम्याच्याच डावाने वाढला आणि वर त्या भांड्यातले लेट्यूस घातले.

तुमचा धागा लेट्यूसला चिकटलेला होता असे तुम्ही लिहिले आहे, त्यामुळे तुमच्या बाबतीत घडले ते बहुधा हेच. तुम्हाला कोणी फसवले नाही, कोणी तुमची थट्टा करायला काही मिसळलेही नाही. दुपारी एक वाजता रांगेत तीस माणसे उभी असताना एका हाताने दोन्हीकडची कामे केली, एवढेच झाले. तुमचा राग यामुळे कमी व्हावा अशी माझी अपेक्षा नाही. पण राजम्याच्या भांड्यावर संशय घेत बसलात आणि कोशिंबिरीचे भांडे तसेच राहिले, तर शुक्रवारीही तेच होईल.

अशा वेळी ‘व्हेज’ या शब्दावर आपण नको इतका विश्वास टाकतो. मी मासे खाणाऱ्या घरातली; चाळिशीत मांसाहार सोडला. त्यानंतर वर्षभराने एका उपाहारगृहात मी ‘व्हेज राइस’ मागवला. चव ओळखीची वाटली म्हणून वाढप्याला विचारले, तेव्हा तो माझी समजूत काढावी तशा सुरात म्हणाला, “व्हेजच आहे मॅडम, पीस एकही नाही त्यात.” भात कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला होता. तो खोटे बोलत नव्हता. त्याच्या लेखी मांसाहार म्हणजे तुकडे, आणि तुकडे वगळले की उरते ते शाकाहारी. आपल्या अन्नसुरक्षा कायद्याखालच्या नियमांची व्याख्या त्याहून बरीच कडक आहे: प्राण्याचा कोणताही भाग, अंडे किंवा प्राणिजन्य पदार्थ असला की ते अन्न मांसाहारी, दूध, दुधाचे पदार्थ, मध अशा मोजक्या गोष्टींना सूट. मेनूवरचा हिरवा ठिपका त्या पदार्थात काय घातले आहे ते सांगतो. तो ज्या तव्यावर भाजला, ज्या तेलात तळला आणि ज्या हाताने भरला, त्यांच्याबद्दल तो काही बोलत नाही. त्या गोष्टी विचाराव्या लागतात.

तुमच्या पत्रात एक समज वरचेवर डोकावतो: टाको हे मुळात मांसाचे खाणे, तिथे शाकाहारी माणूस म्हणजे आगंतुक, आणि आगंतुकाने कुरकुर करू नये. याविषयी मला थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण तुम्ही काउंटरवर गप्प बसलात त्याचे मूळ मला इथे दिसते.

टाको मेक्सिकोचा. १५१९ मध्ये स्पॅनिश तिथे उतरले आणि दोन वर्षांत त्यांनी तिथल्या राज्यकर्त्या अझ्टेक लोकांची राजधानी घेतली. त्याआधी त्या मुलुखात डुक्कर नव्हते, गाय नव्हती, शेळी-मेंढी नव्हती आणि कोंबडीही नव्हती. तिथले लोक शाकाहारी होते असे मुळीच नाही. टर्की, बदके, मासे, किडेसुद्धा ते खात. पण रोजच्या पोटाला आधार होता मका, घेवड्यासारख्या शेंगांचे दाणे, भोपळा आणि मिरची यांचा. आपला राजमा त्या दाण्यांच्याच जातीचा. तिथल्या घोटलेल्या राजम्यात डुकराची चरबी घालण्याची पद्धत स्पॅनिशांनी डुकरे आणल्यानंतरची आहे. आजही तिथे भोपळ्याच्या फुलांचा टाको मिळतो, बटाट्याचा मिळतो, भाजलेल्या मिरचीच्या पट्ट्यांचा मिळतो, निवडुंगाच्या कोवळ्या फड्यांचा मिळतो. मक्याच्या कणसावर काळी बुरशी धरते, आपला शेतकरी जिला काणी म्हणून हळहळतो, तिचाही टाको तिथे चवीने खातात. (भोपळ्याच्या फुलांची भजी तुमच्या गावाकडे होत असतील. मुंबईतल्या एखाद्या टाकोवाल्याला ती फुले अजून कशी सुचली नाहीत, याचे मला नवल वाटते.)

टॉर्टियाचीही गंमत आहे. मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवायचे, रात्रभर मुरू द्यायचे, साल चोळून काढायची आणि मग वाटायचे. चुना म्हणजे विड्याच्या पानाला लावतो तोच. त्याने मक्याचे पीठ लोण्यासारखे मळले जाते आणि त्यातले नायासिन हे जीवनसत्त्व शरीराला लागू पडते. युरोपने मका नेला, चुन्याची रीत मात्र नेली नाही. मक्यावरच जगणाऱ्या गरिबांना तिथे पेलाग्रा हा रोग झाला. आपल्याकडे मक्याची भाकरी थापताना पीठ तुटते म्हणून आई आधणाचे पाणी घालून उकड काढते. तिथल्या बाईने तोच पेच चुन्याने सोडवला. वाटायला दगडी पाटा आणि खल त्यांच्याकडेही आहेतच. शिवाय मिरची, टोमॅटो आणि बटाटा आपल्याकडे तिकडूनच, पोर्तुगीजांच्या गलबतांतून आले. तेव्हा राजमा, मिरची आणि मक्याची पातळ भाकरी हे जेवण मागणारा माणूस टाकोच्या दुकानात उपरा कसा ठरेल? कडक, होडीच्या आकाराचा जो टाको आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी मिळतो, तो अमेरिकेत वाढलेला अवतार आहे, हे जाता जाता.

आता विचारायचे काय ते सांगते. हे तुमच्याबरोबरच त्या सगळ्यांसाठी आहे जे अशा ठिकाणी ‘व्हेज आहे ना?’ एवढेच विचारून ‘हो’ ऐकतात आणि अस्वस्थ मनाने खातात.

पहिला प्रश्न लेट्यूस, चीज आणि कोशिंबिरीच्या भांड्याचा, आणि तोच सर्वात महत्त्वाचा. ‘हातमोजे बदला आणि लेट्यूस-कोशिंबीर आतल्या नव्या डब्यातून घाला’ अशी सरळ विनंती करावी. काउंटरवरची मुले अनेकदा परप्रांतातली असतात, तेव्हा मुंबईच्या हिंदीत म्हणावे, “भैया, ग्लव्ज नया, और सलाद अंदर से.” बुधवारी मी हेच म्हटले. त्या मुलाने मोजे बदलले, आतून डबा आणला आणि “आधी सांगत जा मॅडम, कोणी सांगतच नाही” असे वर मलाच ऐकवले. दुसरा प्रश्न राजमा आणि भाताचा. राजमा घोटताना तेल वापरतात की चरबी, भात कशाच्या पाण्यात शिजतो? मुंबईत चरबी वापरली जाण्याचा संभव कमी आहे, पण कोंबडीच्या पाण्याची गोष्ट मी वर सांगितलीच. तिसरा प्रश्न तेलाचा. नाचोचे तुकडे आणि बटाट्याच्या फोडी ज्या कढईत तळतात त्याच कढईत कोंबडी किंवा मासा तळला जातो का? पुष्कळ लहान स्वयंपाकघरांत तळणीची कढई एकच असते, आणि ‘व्हेज नाचो’ला त्यातले तेल लागते हे कोणाच्या लक्षातही येत नाही. टॉर्टिया गरम करण्याच्या तव्याबद्दलही तेच विचारावे.

मग सॉस. मेयोनीजमध्ये मुळात अंडे असते. आपल्याकडे बिनअंड्याचे सर्रास मिळते, पण ते गृहीत धरू नये. बाटली दाखवा म्हणावे. हिरव्या चौकटीत हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी. मांसाहाराची खूण पूर्वी तपकिरी ठिपका होती, २०२० च्या नियमांपासून ती तपकिरी त्रिकोण आहे. जुनी खूण अजून कुठे दिसली तर गोंधळ नको म्हणून सांगितले. चीजबद्दल तुम्ही विचारलेले नाही, तरी माहीत असावे: काही चीजमध्ये दूध साकळवायला वासराच्या जठरातले रेनेट हे द्रव्य वापरतात. हिरवा ठिपका असलेल्या चीजमध्ये ते नसते. परदेशी चीज असेल तर विचारावे.

एक सूचना उलट्या बाजूने. मुंबईत बरेच शाकाहारी लोक, जैन नसूनही, ‘जैन बनाओ’ असे सांगतात, कारण तो शब्द ऐकला की स्वयंपाकघर सावध होते असा समज आहे. मला हा मार्ग पटत नाही. त्याने कांदा, लसूण, बटाटा वगळले जातात आणि मोजे तेच राहतात. जे हवे ते नेमक्या शब्दांत मागणे सोपे आहे, आणि खरे बोलल्याचे समाधानही मिळते.

आता माळ. मी धर्मनिर्णय देणारी नव्हे आणि तसा आवही आणणार नाही. ज्यांच्या हातून तुम्ही माळ घेतली ते महाराज किंवा तुमच्या फडावरचे कोणी जाणते, यांना हा प्रश्न विचारण्याचा अधिकार तुम्हाला आहे, आणि उत्तर देण्याचा त्यांना. मी फक्त तुमच्या प्रश्नातले दोन धागे वेगळे करते. तुम्ही लिहिता, “मांस तोंडात गेले का ते मला नक्की माहीत नाही, पण त्याला लागलेले लेट्यूस तर गेलेच.” म्हणजे तुम्हाला बोचते आहे ते नेमके काय? कोणा जिवाला आपल्यामुळे इजा झाली, हे? की ज्याला मांसाचा स्पर्श झाला ते आपल्या पोटात गेले, हे? पहिले असेल तर तुमच्या राजम्याच्या टाकोने एकही कोंबडी जास्त कापली गेलेली नाही. दुसरे असेल, तर माळ घालताना आजोबांनी काय सांगितले होते ते आठवून पाहा. ‘मांस खायचे नाही’ असे सांगितले होते, की ‘मांस खाणाऱ्याला शिवायचे नाही’ असे? हे दोन निराळे नियम आहेत, आणि पहिल्याचे दुसऱ्यात कधी रूपांतर होते ते आपल्याला कळतही नाही.

म्हणूनच तुमच्या पत्रातले शेवटचे वाक्य मला खटकले, हे मोकळेपणाने सांगते. “असल्या लोकांबरोबर” म्हणजे कसल्या? तुमच्याच पत्रात लिहिले आहे की तुम्ही टाको बाजूला ठेवलात तेव्हा शेजारच्या मुलीने “माझा मक्याचा घे, अजून हात लावलेला नाही” असे म्हटले. ती स्वतः मांसाहारी आहे असेही तुम्ही लिहिता. स्पर्शाच्या नियमांनी या महाराष्ट्रात कोणाकोणाला देवळाच्या पायरीबाहेर ठेवले, हे पंढरीच्या वाटेवर वाढलेल्या माणसाला मी सांगायला नको; चोखोबांची समाधी महाद्वारासमोर का आहे हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले माहीत असेल. आपल्या ताटात काय असावे याबद्दल तुम्ही हवे तेवढे कडक राहा. तो कडकपणा शेजारच्या ताटापर्यंत जाऊ लागला की मात्र स्वतःला विचारावे, की हे आजोबांनी दिले आहे, की दुसरीकडून कुठून तरी आले आहे.

यालाही दुसरी बाजू आहे, आणि ती तुमच्या बाजूची आहे. “तू काय, गवत खाणारा” असे म्हणून जो सहकारी हसला, त्याला हे हसण्यासारखे वाटले कारण तुम्ही त्याला कधी काही सांगितलेलेच नाही. आठ जणांपैकी किती जणांना तुमच्या शर्टाच्या कॉलरखाली माळ आहे हे माहीत आहे? तुम्ही लिहिता की ‘गावंढळ’ वाटू नये म्हणून तुम्ही ती आत ठेवता. ती बाहेर ठेवावी की आत, हे तुम्ही ठरवायचे. पण ती लपवायची आणि तिचा मान इतरांनी राखावा अशी अपेक्षाही करायची, हे दोन्ही एकदम जमणार नाही.

आजोबांना सांगावे का? मला वाटते, सांगावे. मात्र फोनवर नको, आणि कबुलीजबाबाच्या सुरातही नको. पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा संध्याकाळी ते निवांत बसलेले असताना जसे घडले तसे सांगा, त्या लेट्यूसच्या भांड्यासकट. जो माणूस वर्षानुवर्षे वारीत चालला, वाटेवर शेकडो अनोळखी हातांनी वाढलेले जेवला, त्याला ‘चुकून’ आणि ‘मुद्दाम’ यांतला फरक शिकवावा लागत नाही. कदाचित ते तुम्हाला एखादी एकादशी जास्तीची करायला सांगतील. कदाचित हसतील आणि माळ खुंटीला अडकवून मटणावर ताव मारणाऱ्या गावातल्या कोणाची तरी गोष्ट सांगतील. अशी एक गोष्ट प्रत्येक गावात असतेच. तुम्ही आज जे ओझे महिनाभर एकटे वाहत आहात, ते त्यांच्याकडे पोचायला एवढा उशीर व्हायला नको होता.

तक्रारीबद्दल थोडक्यात. त्या क्षणी तुम्ही ट्रे घेऊन व्यवस्थापकाकडे गेला असता, टाकोचा आणि बिलाचा फोटो काढला असता, तर पुढचे सर्व मार्ग मोकळे होते. बिलावर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी परवाना क्रमांक असतो. २०२२ च्या जानेवारीपासून तो छापणे बंधनकारक आहे. त्या क्रमांकावरून प्राधिकरणाच्या ॲपवर तक्रार करता येते, राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे जाता येते, आणि ग्राहक म्हणून सल्ला हवा असेल तर १९१५ हा राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक आहे. महिन्यानंतर, टाको नाही, फोटो नाही, अशा स्थितीत औपचारिक तक्रारीतून काही हाती लागेल असे मला वाटत नाही. भरपाईची आशा असेल तर तीही जपून धरा. शाकाहारी मोमोऐवजी मांसाहारी मोमो दिल्याची दोन ग्राहकांची तक्रार मुंबई उपनगरातल्या ग्राहक आयोगाने २०२५ मध्ये फेटाळली. बिलावर मांसाहारी पदार्थाचीच नोंद होती हे एक कारण. शिवाय भावना इतक्या तीव्र असतील तर दोन्ही प्रकारचे अन्न विकणाऱ्या ठिकाणाहून मागवलेच का, आणि खाण्याआधी नीट पाहिले का नाही, असेही आयोगाने विचारले. हा दुसरा मुद्दा मला पूर्णपणे पटत नाही. मांसाहारही विकणाऱ्याने शाकाहारी म्हणून दिलेले अन्न शाकाहारीच असले पाहिजे. तो काही ग्राहकावर केलेला उपकार नव्हे. पण निकाल तसा आहे, आणि तो जाणून घेऊन पुढे जावे.

त्यापेक्षा मी त्या उपाहारगृहाला एक साधे पत्र लिहीन. तारीख, साधारण वेळ, काय मागवले, काय निघाले आणि लेट्यूसचे भांडे वेगळे ठेवावे एवढी एकच मागणी. समाजमाध्यमांवर धिंडवडे काढायचे नाहीत. शाकाहारी ऑर्डरसाठी लेट्यूस-चीजचा दुसरा संच आणि मोज्यांचा दुसरा रंग ठेवायला कोणत्याही मालकाला फार खर्च येत नाही, आणि ज्या शहरात निम्म्या टेबलांवर कोणाचा ना कोणाचा गुरुवार किंवा चातुर्मास असतो, तिथे तो खर्च दोन आठवड्यांत भरून निघेल.

राहिला शुक्रवार. न जाणे हा पर्याय तुम्हाला आहेच, आणि महिनाभर ज्याची शिसारी गेली नाही त्याने तो निवडला तर मी त्याला भित्रेपणा म्हणणार नाही. पण निरोप एका सहकाऱ्याचा आहे, टाकोचा नाही. त्या दिवशी नसल्याची रुखरुख तुम्हाला राहील असे पत्रावरून वाटते. जागा बदलायला सांगणे हा दुसरा पर्याय. आठ जणांत तो मागता येतो, मात्र ज्याचा निरोप आहे त्याने ही जागा निवडली असेल तर मी मागणार नाही. जायचे आणि नुसते लिंबूपाणी पीत बसायचे, हा तिसरा मार्ग बरेच जण घेतात आणि मला तो सर्वात वाईट वाटतो. सगळे तुमच्या रिकाम्या ताटाकडे पाहतात, तुम्ही ‘भूक नाही’ असे खोटे सांगता, आणि वर ९४० रुपये देता.

माझा कौल जाण्याकडे आहे, फक्त आधी दोन कामे करून. कार्यालयाच्या गटात एक ओळ टाका: “मी माळकरी आहे, मांस-अंडे चालत नाही, माझे मी वेगळे मागवतो आणि माझे बिलही वेगळे ठेवा.” खुलासा नको, माफी नको. बिलाच्या समान वाटणीबद्दल तुम्ही पत्रात दोनदा लिहिले आहे, तेव्हा तेही या ओळीतच उरकून जाईल. बिलात सेवाशुल्क लावले असेल तर ते देणे ऐच्छिक आहे, हेही ध्यानात असू द्या.

दुसरे काम फोनचे. गुरुवारी दुपारी चारच्या सुमारास त्या उपाहारगृहाला फोन करा, व्यवस्थापकाला मागा आणि वर लिहिलेले प्रश्न त्याच क्रमाने विचारा. उत्तरे समाधानकारक नसतील तर घरून डबा न्या, आणि बाहेरचे अन्न टेबलावर चालेल का हेही त्याच फोनवर विचारून घ्या. समाधानकारक असतील तर राजम्याचा टाको मागवा, लेट्यूस आतल्या डब्यातले. शुक्रवारी दुपारी एक वाजता फोन करून काही उपयोग होणार नाही. त्या वेळी रांगेत तीस माणसे असतील आणि फोन वाजलेलासुद्धा कोणाला ऐकू येणार नाही.